शिबिर होतं, पुढे काही होत नाही. वर्षभराचा आरोग्य कार्यक्रम कसा बसवावा?

पायवाट (प्रश्न):
संस्था लहान आहे. १४ स्वयंसेवक, त्यांत दोघी परिचारिका. येत्या वर्षासाठी तीन कामं ठरली आहेत: रक्तदाब आणि साखर तपासणी शिबिर, चालण्याचा गट, सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून जीव वाचवणं) प्रशिक्षण. मागच्या शिबिरात दोन यंत्रांवर ४ तासांत १८० जणांचा रक्तदाब मोजला. निम्म्याहून जास्त लोकांचा वाढलेला निघाला. त्यांतलं कोण डॉक्टरांकडे गेलं याची नोंद नाही. मोजण्यात चूक आहे का, आणि पाठपुरावा कसा ठेवायचा?

मोजमाप:
दोन यंत्रं, ४ तास, १८० माणसं म्हणजे माणशी २ मिनिटं ४० सेकंद. एवढ्या वेळात रक्तदाब नीट मोजला जाणं शक्यच नाही. रांगेत उभा राहिलेला माणूस बसला की लगेच पट्टा गुंडाळला जातो, तिथेच आकडा चढतो.

मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसवा. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवी तुंबलेली असली तरी दाब वाढतो, म्हणून आधीच विचारून घ्या. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नाहीत, आणि मोजताना कुणीही बोलायचं नाही. नाव-वय विचारणारा स्वयंसेवक यंत्राशेजारी बसवतात, ही नेहमीची चूक. नोंदणीचं टेबल लांब ठेवा.

हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर. हात १० सेंटिमीटर खाली लोंबकळला तर आकडा ७-८ ने जास्त येतो. पट्ट्याचं मापही बघा. दंडाला टेप लावायची. मधला पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो, त्यापुढे मोठा लागतो (नेमकं माप पट्ट्यावर छापलेलं असतं). जाड दंडावर लहान पट्टा लावला की निरोगी माणूसही रुग्ण ठरतो. बाहीवरून मोजू नका.

मोजणी १४०/९० च्या आत आली तर पुरे. वर आली तर एकेक मिनिटाच्या अंतराने आणखी दोनदा मोजा आणि शेवटच्या दोन्हींची सरासरी लिहा. माणशी ५ मिनिटं धरली तर एका यंत्रावर तासाला १२ जण होतात. १४४ माणसांना ४ तासांत ३ यंत्रं हवीत. प्रत्येक यंत्रामागे विश्रांतीच्या दोन खुर्च्या ठेवा. याहून जास्त लोक येणार असतील तर शिबिराचे दोन दिवस करा, पण वेग वाढवू नका.

साखरेबद्दल: बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. बोटाला गोड काही लागलेलं असलं तर आकडा खोटा चढतो, स्पिरिट ओलं राहिलं तरी बिघडतो. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात. टोचणी प्रत्येकाला नवी आणि एकदाच वापरायची. पेनसारखं टोचणी-यंत्र अनेकांना वापरलं तर हिपॅटायटिस बी पसरू शकतो, सुई बदलली तरीही. वापरलेल्या टोचण्या न भोसकणाऱ्या डब्यात टाका आणि तो तीन चतुर्थांश भरला की बंद करा. शेवटचं खाणं किती वाजता झालं हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही. मधुमेहाची १२६ (मिग्रॅ/डेसिलिटर) ही मर्यादा किमान ८ तास उपाशी असलेल्यांसाठी आहे, जेवून आलेल्यांना ती लावू नका. निदान प्रयोगशाळेच्या तपासणीवरच होतं.

दुवा:
पाठपुराव्याची सुरुवात शिबिराच्या आधी होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये छापलेले तपासणीचे निकष आजही वापरले जातात. पुढच्या निदानाची आणि उपचाराची सोय असली पाहिजे, ही त्यांतली एक अट. म्हणून आधी जवळच्या दवाखान्याशी बोला: कोणत्या वारी, किती वाजता, एका दिवशी किती माणसं पाठवायची? तिथे आठवड्याला १० जण तपासता येत असतील तर एका दिवशी ६० चिठ्ठ्या वाटून लोकांची निराशाच होईल.

चिठ्ठीवर आकडा, तारीख आणि दवाखान्याची ठरलेली वेळ लिहा. तिची एक प्रत संस्थेकडे. फोन करण्याची आणि नोंद ठेवण्याची संमती सहीने घ्या. पहिला फोन आठवड्याच्या आत, दुसरा महिन्याने, तिसरा तीन महिन्यांनी. फोनवर "गेलात का?" विचारलं की लोक हो म्हणून मोकळे होतात. "तिथे किती आकडा आला?" विचारा. न जाण्याचं कारणही लिहा, कारण मजुरी बुडणं आणि सोबत कुणी नसणं यांवरचे उपाय वेगळे आहेत. वही दोघांकडेच, कुलपात. कुणाचा आकडा गटात किंवा फलकावर गेला तर पुढच्या शिबिराला माणसं येणार नाहीत, आणि ते योग्यच असेल.

चालता_बोलता:
गटाबद्दल. प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितलेली आहे, म्हणजे ३० मिनिटं, ५ दिवस. नवख्यांना १० मिनिटांपासून सुरू करा. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, हा योग्य वेग.

मार्ग ४००-५०० मीटरच्या फेरीचा ठेवा. दमलेला माणूस कुठल्याही फेरीला थांबू शकतो. सरळ लांब रस्त्यावर तो मागे पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाही. पुढे एक नेता, मागे एक, आणि मागचा शेवटच्या माणसासोबतच चालतो. वार आणि वेळ बदलू नका. दोन्ही नेत्यांना बदली माणूस ठरलेला हवा, कारण एकदा वाट बघून परत गेलेला माणूस सहसा पुन्हा येत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं, हे पहिल्या दिवशी सांगा.

सीपीआरसाठी सरावाच्या एका पुतळ्यावर ५-६ जणांहून जास्त नकोत. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा सराव करून घ्या. थकवा जाणवण्याआधीच दाब उथळ होऊ लागतात.

पायवाट:
खूप उपयोगी. शिबिरात १८०/१२० च्या वर कुणी सापडलं तर?

मोजमाप:
५ मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तेवढाच आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणं, बोलण्यात अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असेल तर थेट आपत्कालीन रुग्णवाहिका, एकट्याला पाठवू नका. शेवटची दोन लक्षणं दिसली तर पुन्हा मोजण्यातही वेळ घालवू नका. लक्षणं नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांची भेट, सोबत स्वयंसेवक. शिबिरात स्वतःहून कुठलीही गोळी देऊ नका. दाब एकदम खाली आला तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.