मुंबई–गोवा–मंगळूर हायस्पीड रेल्वे: गाडी खय थांबतली?

कलमवाला_देवगड (धागा यांनी सुरू केला)

परवा इथे एकाने लिहिलं की मुंबईहून गोव्यातून मंगळूरला जाणारी, तीन राज्यांच्या सीमा ओलांडणारी हायस्पीड रेल्वे झाली तर कोकणातलं दारिद्र्य दहा वर्षांत संपेल. दाखले दोन दिले होते, क्वालालंपूर–सिंगापूर आणि लंडन–पॅरिस. खाली सगळे "वा वा" करून गेले. मी तेव्हा दोन ओळी लिहून गप्प बसलो, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून आता सविस्तर.

क्वालालंपूर–सिंगापूर ही गाडी कधी धावलेलीच नाही. डिसेंबर 2016 मध्ये करार झाला: साडेतीनशे किलोमीटर, दीड तासाचा प्रवास. 31 डिसेंबर 2020 ला तो करार संपला आणि मलेशियाला सिंगापूरला दहा कोटींहून जास्त सिंगापूर डॉलर भरपाई द्यावी लागली. सीमा ओलांडणाऱ्या रेल्वेत एका बाजूचं सरकार बदललं, हिशेब बदलला, की दुसऱ्या बाजूचाही खेळ खलास होतो.

लंडन–पॅरिस धावते, मान्य. खाडीखालचा बोगदा 1994 ला उघडला. खर्च अंदाजापेक्षा 80 टक्क्यांनी वाढला. सुरुवातीला वर्षाला दीड कोटीहून जास्त प्रवासी धरले होते, 1995 मध्ये तीस लाखही आले नाहीत. ज्या साध्या माणसांनी शेअर घेतले होते त्यांचे पैसे बुडाले. आणि आपल्याला जे कळायला हवं ते पुढेच आहे. बोगद्याच्या इंग्लंडकडच्या तोंडाजवळ अ‍ॅशफर्ड नावाचं गाव आहे. 1996 मध्ये तिथे मोठं आंतरराष्ट्रीय स्टेशन केलं. 2020 पासून युरोस्टार, म्हणजे ती लंडन–पॅरिस गाडी, तिथे थांबत नाही. स्टेशन आहे, फलाट आहेत, गाडी डोळ्यांसमोरून जाते.

तीनशेच्या वेगाने पळणारी गाडी दर वीस किलोमीटरला थांबू शकत नाही. मग मधल्या लोकांना काय मिळणार? जमीन जाणार, एवढं नक्की.

चाकरमानी_डोंबिवली

ज्या पोस्टवर तुम्ही इतके तापलात ती माझीच. क्वालालंपूरचा दाखला चुकला, मागे घेतो. बाकीचं एक अक्षर मागे घेत नाही.

कोकण रेल्वेच्या वेळी, 1990 मध्येही कोकणात हेच ऐकू येत होतं. डोंगर फोडणार कसे, खाड्या ओलांडणार कशा, पैसे कुठून आणणार? तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, मधु दंडवते अर्थमंत्री. केंद्राचा 51 टक्के वाटा, महाराष्ट्र 22, कर्नाटक 15, गोवा आणि केरळ प्रत्येकी 6, असा मेळ बसवला. म्हणजे सीमा ओलांडणारी भागीदारी आपणच आधी करून दाखवली. कोकण रेल्वेचे प्रमुख श्रीधरन यांनी 91 बोगदे काढले, पानवलचा 64 मीटर उंच पूल उभा केला, आणि 26 जानेवारी 1998 ला सगळी लाइन खुली झाली. त्याआधी एसटीने गावाला जाताना पोटातलं सगळं बाहेर यायचं, ते विसरलात?

फ्रान्समधलं लील शहरही बघा. कापड गिरण्या बंद पडून ते मोडकळीला आलं होतं. 1993 ला वेगवान गाडी आली, मग लंडन, पॅरिस आणि ब्रुसेल्स तिन्ही तासादीड तासावर आले, आणि शहराने कात टाकली.

आता माझं. आई गेली त्या रात्री मी डोंबिवलीत होतो. फोन आला साडेनऊला, संगमेश्वरला पोचायला सकाळचे आठ वाजले. पेणपासून पुढे नुसते खड्डे आणि वळणं. शेवटचं बोलणं झालं नाही. मुंबई ते रत्नागिरी दीड तास म्हणजे काय, ते मला विचारा. त्याची किंमत तुमच्या रुपये-पैशांत बसत नाही.

कलमवाला_देवगड

आईबद्दल वाईट वाटलं. त्यावर मी काही बोलणार नाही.

लीलबद्दल मात्र बोलणार. ती लाइन शहराबाहेरून नेता आली असती. तिथले महापौर पियर मोरुआ फ्रान्सचे माजी पंतप्रधान होते, ते भांडले आणि गाडी शहराच्या मध्यात आणली. त्याच लाइनवर आमियां शहरही गाडी मागत होतं. त्याला मिळालं शहरापासून लांब, शेतात बांधलेलं स्टेशन. लोक त्याला बीटच्या शेतातलं स्टेशन म्हणतात. आपल्याकडे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. राजापूर रोड, सावंतवाडी रोड. नावात "रोड" आलं की समजायचं, गाव अजून लांब आहे आणि रिक्षाचं भाडं वेगळं.

पालघर_वाडवळ

तुम्ही दोघे फ्रान्सला पोचलात. बुलेट ट्रेन आमच्या दारातून चालली आहे, ती बघा ना. मुंबई–अहमदाबाद 508 किलोमीटर, 12 स्टेशनं, मूळ अंदाज एक लाख आठ हजार कोटी. बहुतेक लाइन सपाट मुलखात खांबांवर आहे. पेडण्याच्या मातीत आणि करबुड्याच्या डोंगरात तेवढ्यात होईल का?

कर्ज स्वस्त आहे हे खरं. जपानचं, 0.1 टक्का व्याज, फेड 50 वर्षांची. कोकण रेल्वेला असं कर्ज मिळालं नव्हतं, तिने रोखे काढले, आणि भाडं लावताना अंतर 40 टक्के वाढवून धरलं. ते पैसे इथल्याच माणसाच्या खिशातून गेले. पुढच्या लाइनचे कोणाच्या खिशातून जाणार, ते आधी ठरवा.

आमच्याकडे विरार आणि बोईसर ही स्टेशनं आहेत. पण डहाणूहून रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला काय हवंय विचाराल, तर तो म्हणेल, सकाळी आणखी दोन लोकल द्या.

एक मात्र मान्य करते. काम सुरू झाल्यापासून आमच्या भागात जेवणाचे डबे देणाऱ्या बायकांना, खोल्या भाड्याने देणाऱ्यांना चार पैसे मिळाले. काम संपलं की पुढे काय, ते बघायचंय.

राजापूरची_लेक

जमीन जाणार म्हणता, मोबदला मिळतोच की, असं कोणीतरी आता लिहील. लिहिण्याआधी आमच्या घरचं ऐका. एका प्रकल्पात आमची अकरा गुंठे गेली. सातबाऱ्यावर नावं त्रेचाळीस. त्यातले निम्मे मुंबईत, काही बडोद्याला, तिघांचा पत्ताच नाही. दोष कुठल्या सरकारी खात्याचा नव्हता, आमच्याच भावकीचा होता. सख्खे चुलते एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिले. पैसे आले तेव्हा माझे बाबा नव्हते. अजून आमच्या दोन घरांत एकत्र गणपती बसत नाही.

कोकणातल्या जमिनीचा हिशेब असा असतो. किलोमीटरमागे इतके कोटी, या आकड्यात तो येत नाही.

मिरकरवाडा_बोट

माणसांचंच बोलताय, मालाचं कोणी बोलत नाही. सुरमई-पापलेट बर्फात घालून टेम्पो संध्याकाळी सुटतो. रस्ता मोकळा मिळाला तर पहाटेचा बाजार गाठतो. तासभर उशीर झाला तर किलोमागे भाव पडतो, आणि तो माझा पडतो, दलालाचा पडत नाही.

चीन–लाओस रेल्वे डिसेंबर 2021 ला सुरू झाली. ताशी 160 ची गाडी, बुलेट नव्हे. तिच्यावरून थायलंडचा डुरियन चीनमध्ये जातो. नाशवंत फळ, आपल्या हापूससारखंच. सीमा ओलांडणाऱ्या रेल्वेचा पैसा दिसतो तो असा. कलमवाले, तुम्ही स्वतः आंबा पाठवता आणि वेगाला नको म्हणता, हे मला पटत नाही.

कलमवाला_देवगड

बरोबर बोललात, आणि मला ते कबूल करायला जड जातंय. एका एप्रिलात माझ्या साठ पेट्या वाशीला जाता जाता गाडीतच तापल्या. अढीत घालायचा आंबा तिथे पोचेपर्यंत डाग धरून बसला. त्या वर्षी फवारणीचा खर्चसुद्धा सुटला नाही. तेव्हा वेग नको असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तुम्हीच 160 लिहिलंत. आपली आत्ताची लाइन 160 साठीच आखलेली आहे. ती आजही बहुतेक एकेरी आहे. रोहा–वीर दुपदरी झाली 2021 मध्ये, पुढे समोरची गाडी येईपर्यंत थांबायचंच. 2003 ला वैभववाडीजवळ, 2004 ला करंजाडीजवळ दरडींनी माणसं गेली, तेव्हापासून पावसाळ्यात वेग कमी ठेवतात, आणि ठेवायलाच हवा. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात चिखलपाणी शिरून गाड्या अडकल्या. आधी हे नीट करा. दुसरी लाइन टाका, दरडी आवरा, पार्सलचा थंड डबा द्या.

चाकरमानी_डोंबिवली

"आधी हे करा, मग ते करा" यातच आमची पिढी गेली. मुंबई–गोवा महामार्गाचं काम 2011 पासून ऐकतोय. तुम्हाला गाव आहे तसं ठेवायचंय, कारण तुमचं भागतंय. आम्हाला गणपतीला यायचं असतं तर 60 दिवस आधी सकाळी आठ वाजता मोबाइल धरून बसावं लागतं, आणि आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लागतं. पोरांना उभ्याने आणलंय मी, दिव्यापासून.

राजापूरची_लेक

वर्षातले सात दिवस तुम्ही येता, त्या सात दिवसांसाठी लाखभर कोटींची लाइन? उरलेले दिवस या गावात आम्ही राहतो. दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेत पट नाही, म्हातारी माणसं एकटी.

चाकरमानी_डोंबिवली

सात दिवस येतो म्हणे! ज्या घरात राहता त्याची कौलं कोणाच्या पगारातून बदलली? कोकणातलं अर्धं गाव मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगलंय. माझ्या आजोबांनी परळच्या खोलीत बाराजणांत झोपून पैसे पाठवले. पाहुणा म्हणून हिणवू नका.

राजापूरची_लेक

हिणवलं नाही. पण लागलं असेल तर तेवढे शब्द मागे घेते. मुद्दा मागे घेत नाही. तुमच्या आजोबांना जावं लागलं कारण इथे काम नव्हतं. मुंबई दीड तासावर आली तर काम इथे येईल, की उरलेली पोरंही तिकडे जातील? मला दुसरंच होताना दिसतं.

सावंतवाडीकरीण

तुम्ही सगळे मुंबईकडे तोंड करून बोलताय. आमच्या इथली सीमा दक्षिणेला आहे, आणि आमचं पोट त्या सीमेपलीकडे आहे. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडी, या पट्ट्यातली शेकडो पोरं रोज गोव्यात कामाला जातात. कोण औषधांच्या कंपनीत, कोण हॉटेलात, आता मोपा विमानतळावर. मोठं दुखणं आलं की सिंधुदुर्गातला माणूस गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठतो. माझे वडील तिथल्याच डॉक्टरांमुळे आज आहेत. 2018 मध्ये तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे लागू झाले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले होते, कारण त्यांना दुसरं हॉस्पिटलच नव्हतं. सीमेचं अर्थकारण म्हणजे आमच्यासाठी हेच.

त्याला काय लागतं? सकाळ-संध्याकाळची साधी गाडी. कुडाळ, झाराप, सावंतवाडी, मडुरे, पेडणे, थिवी, करमळी, वेर्णे, मडगाव. सगळीकडे थांबणारी. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन 2015 ला झालं. ते नीट उभं राहिलं असतं तर अशा गाड्या तिथूनच सुटल्या असत्या.

परदेशाचाच दाखला हवा असेल तर कोपनहेगन–माल्मो घ्या. 2000 साली पूल झाला, डेन्मार्क आणि स्वीडन जोडले गेले. गाडी बुलेट नाही, पण दिवसभर सारखी येते, साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. स्वस्त घर स्वीडनमध्ये, नोकरी डेन्मार्कमध्ये, असे हजारो लोक जगतात. तिथे फायदा झाला तो गाडी वारंवार येते आणि थांबते म्हणून.

मिरकरवाडा_बोट

हे पटलं. पण टर्मिनसवर गाडी गेली की धागा संपला समजा, आता सगळे आपापल्या स्टेशनाचा थांबा मागतील.

खाडीकाठ_विजयदुर्ग

मागणारच! वैभववाडीला किती गाड्या थांबतात मोजा. आणि वैभववाडी–कोल्हापूर लाइन 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात आली होती, तिचं काय? घाटावरची साखर आणि कांदा बंदराला, आमचा मासा कोल्हापूरला. उत्तर-दक्षिण किती पळवणार, जरा पूर्वेकडे बघा.

पालघर_वाडवळ

नांदगावचा थांबा कोणी आठवतंय का? 2025 च्या गणपतीत कोलाड ते वेर्णे मोटारी नेणारी रो-रो काढली. गाड्या कोकणातल्या, आणि त्या उतरवणार थेट गोव्यात! लोकांनी ओरड केली तेव्हा नांदगावला उतरायची सोय झाली. थांबा मागितल्याशिवाय मिळत नाही, कागदावर तो आधी कोणी काढत नाही.

चाकरमानी_डोंबिवली

ठीक आहे. थांब्याचं मला सुचलं नव्हतं, ते मी धरतो. तरी माझं म्हणणं उभं आहे. लांबच्या लोकांसाठी वेगळी वेगवान लाइन झाली तर जुनी लाइन मोकळी होईल, आणि मग तुमच्या साध्या गाड्यांना, पार्सलला जागा मिळेल. आज एका रुळावर सगळेच भांडतायत. याला उत्तर द्या.

कलमवाला_देवगड

याला उत्तर आहे: तीच जागा दुसऱ्या रुळानेही मिळते, आणि तो आजच्या लाइनशेजारी पडतो. नवी कुंपणं घालावी लागणार नाहीत. राजापूरच्या ताईंसारखी त्रेचाळीस नावं पुन्हा कोर्टात जाणार नाहीत असं नाही, पण कमी जातील. लाइन मोकळी होण्याचा तुमचा मुद्दा चुकीचा आहे असं मी म्हणू शकत नाही. खर्च कोण उचलणार, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

बांदेकर_काका

सगळा वाचलंय. माका एकच विचारूचा हा, गाडी खय थांबतली? आमच्या झिलाक सकाळी पाच वाजता बाईक काढूची लागता. वेर्ण्याक पाळी सातची. पावसात पत्रादेवीर पोचासर तो चिंब भिजता. गेल्या सालात दोनदा घसरलो. घरात बायको जागी बसता त्याचो फोन येयसर. आमका तीनशेची गाडी नको. सातच्या आदी वेर्ण्याक पोचवणारी होयी.

सावंतवाडीकरीण

काका, मग सावंतवाडीहून पाच वाजता सुटायला हवी. मडुऱ्याला थांबा धरला तर बांद्याची पोरं तिथे चढतील. संध्याकाळची परतीची किती वाजता लागेल, झिलाला विचारून इथे लिहा. अर्ज लिहायला घेतलाय, वेळ त्यात घालते.

चाकरमानी_डोंबिवली

अर्जावर माझी सही घ्या. डोंबिवलीतून आणखी पन्नास आणतो. हायस्पीडचा अर्ज मी वेगळा करणार आहे.