अनुभव धागा : परतफेड करता येणार नाही असे प्रेम आपल्याला कोणाकडून मिळाले?

जालन्याची माहेरवाशीण
यंदा पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, उपासनेत पाळकसाहेब मंडळीतील बारा जणांचे पाय धुण्यास बसले, तेव्हा एका वृद्ध शिक्षकांनी पाय मागे घेतले आणि काही केल्या पुढे केले नाहीत. मला माझी आत्या आठवली. मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून तिने आयुष्यभर परक्यांची अंगे पुसली, परंतु शेवटच्या आजारात भावजयीने आपले अंग पुसावे हे तिला सहन होत नसे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतात, तेव्हा पेत्रही असाच अडून बसतो. निःस्वार्थ प्रीतीवरचे आपले बहुतेक उपदेश देणाऱ्याच्या बाजूने असतात. घेणाऱ्याला काय सोसावे लागते, हे क्वचितच कोणी सांगते. म्हणून येथे एकच अट ठेवते : आपण केलेली सेवा लिहू नये, आपल्याला मिळालेली लिहावी. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही अवश्य लिहावे.

रविवारचा विद्यार्थी
ही अट पाळली तर आमच्या मंडळीच्या वार्षिक अहवालाची पाने कोरीच राहतील.

औसेकर
30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3.56, किल्लारीचा भूकंप. विसर्जन आटोपून गाव झोपले होते आणि आमचे घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या जड छताचे, होते, एवढे सांगितले की आमच्या भागातील माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. आजी वाचली, आजोबा गेले. मदतीचे ट्रक इतके आले की कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले. त्या गर्दीत एक ख्रिस्ती सिस्टर आजीजवळ येऊन बसत. आजी बोलत नव्हती. त्यांनीही तिला बोलते करण्याचा खटाटोप केला नाही, तिच्या केसांतील माती तेवढी काढीत राहिल्या. आमचे घर माळकरी. आजीच्या गळ्यातील तुळशीची माळ तुटली होती, तिचे उरलेले मणी त्यांनी दोरा आणून स्वतः ओवून दिले. ट्रक यायचे थांबले तरी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे येणे थांबले नाही. आजीने पुढे त्यांना घरच्या तुरीची डाळ देऊ केली, ती त्यांनी आढेवेढे न घेता स्वीकारली. माहेरवाशीणताई, तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला हे महत्त्वाचे वाटते.

पैठणकर
धागा गोड होत चालला आहे, म्हणून एक कडू प्रश्न विचारतो. 1899–1900 च्या दुष्काळात माझ्या पणजोबांच्या कुटुंबाने मिशनच्या धान्यावर दिवस काढले आणि नंतर बाप्तिस्मा घेतला. गावाने आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या 'धान्याचे ख्रिस्ती' म्हणून हिणवले. आजोबा सांगत, की धान्य घेऊन आपापल्या देवाकडे परत गेलेली घरेही होती आणि त्यांच्याकडे कोणी काही मागायला गेले नाही. दुसऱ्या बाजूला, मिशनचे अहवाल बाप्तिस्म्यांची संख्या छापीत असत, हेही खरे आहे. ज्या प्रेमाची मोजदाद होते, त्याला निःस्वार्थ म्हणावे काय? मला स्वतःला अजून ठरवता आलेले नाही.

जालन्याची माहेरवाशीण
पैठणकर, प्रश्न रास्त आहे आणि आमचे जालनाही त्यातून सुटत नाही. नारायण शेषाद्री यांनी ब्राह्मण घरातून येऊन 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेथे मांग आणि महार कुटुंबांमध्ये काम केले. धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. माझ्यापुरते मी असे पाहते, की त्या रात्री प्रभूने आपल्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले आणि तो काय करणार आहे हे ठाऊक असताना धुतले. माणूस आपल्याकडे येईल अशी आशा बाळगणे वेगळे आणि तो न आल्यास हात आखडता घेणे वेगळे. तुमच्या आजोबांनी सांगितलेली परत गेलेली घरे मला अहवालातील आकड्यांपेक्षा मोठा पुरावा वाटतात.

पैठणकर
हे उत्तर मला पुरते पटलेले नाही, परंतु यहूदाची बाजू यापूर्वी माझ्या लक्षात आली नव्हती.

लातूरचा शेजारी
मी ख्रिस्ती नाही. 2016 च्या ज्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्या शहरात रेल्वेने पाणी आले, तेव्हा माझी पत्नी बाळंतीण होती. शेजारच्या ख्रिस्ती बाई नळाचे वा टँकरचे पाणी मिळाले की आधी आमची घागर भरत. आम्ही नको म्हणू नये म्हणून त्या वेळी त्या दारही वाजवीत नसत, घागर बाहेर ठेवून निघून जात.

नांदेडची धाकटी सून
बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरील 13 वा अध्याय आमच्याकडे प्रत्येक लग्नात वाचला जातो आणि 'स्वार्थ पाहत नाही' या शब्दांशी मंडळीतील सगळ्या नजरा नवरीकडे वळतात, नवऱ्या मुलाकडे कोणी पाहत नाही. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. त्या मला चोर समजतात. 'तुझी प्रीती किती थोर' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांतील एकही जण रात्री थांबत नाही, म्हणून या शब्दाची मला थोडी भीतीच बसली आहे. मात्र माझी मोठी जाऊ दर शनिवारी येते, पदर खोचते आणि मला सांगते, 'जा, बाजारात जाऊन ये.' बाजारातून काही आणले नाही तरी ती विचारीत नाही. आमच्या दोघींचे शेतीच्या वाटणीवरून अजूनही पटत नाही, आणि तरीही ती येते.

औसेकर
वाटणीवरून पटत नसताना येते, हे फार मोठे आहे. जाऊबाईंना हा धागा दाखवलात काय?

नांदेडची धाकटी सून
छे, दाखवला तर ती वाटणीचाच विषय काढील.