योतेई: सूड जुनाच, शस्त्रं नवी

'घोस्ट ऑफ योतेई' या व्हिडिओ गेममध्ये आधीच्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'चंच कातडं बदलून दिलंय, हे म्हणणं मला अर्धंच पटलं. कथेबाबत पटलं. नायिका आत्सूच्या घरच्यांना मारणारे सहा जण, त्यांची यादी, एकेक नाव खोडत जायचं. पुढे काय होणार ते चहा निवायच्या आत कळतं. 'त्सुशिमा'त १२७४ च्या मंगोल स्वारीत नायक जिनची जी घुसमट होती, कुळाची इभ्रत राखू की माणसं वाचवू, तसा पेच इथे १६०३ च्या एझोत (म्हणजे आजच्या होक्काइडोत) फारसा नाही.

पण मारामारी? तिथे मी भांडणार. आधी एकाच तलवारीचे पवित्रे बदलायचे, आता शस्त्रंच बदलतात. ढालवाला आला की कुसारिगामा, म्हणजे साखळीला बांधलेला विळा. भालेवाल्यासमोर दोन्ही हातांत कताना, म्हणजे जपानी तलवारी. त्यात समोरचा फटक्यासरशी हातातलं शस्त्रच पाडतो! पहिल्यांदा झालं तेव्हा मी 'अरे' असा ओरडलो की आतून आईने विचारलं, काय सांडलं रे?

लपूनछपून मारणं मात्र अजून बाळबोध. शेजारचा गडी पडला तरी पहारेकरी दोन मिनिटांत आपला गवताकडे बघत उभा.

आणि गेममध्ये ते कंट्रोलरच्या टचपॅडवर बोटाने चित्र काढणं काहींना फालतू वाटेल, मला आवडलं. रात्री साडेअकराला घोडबंदर रोडवरून दीड तास रखडत घरी आल्यावर कुणाचं मुंडकं उडवायची ताकद नसते हो. मग मी गेममधल्या घोड्यावर बसतो आणि वारा नेईल तिकडे जातो.