घरी बनवलेली सायकल डावीकडे ओढते, चेनही पडते. लवकर मदत हवी आहे

लांबनळी
नमस्कार मंडळी. सायकल घरीच बनवली, फ्रेमसकट. पुढं मी, मागं लांब क्यारेज. चालते मस्त. पण हँडल जरा सैल धरलं की डावीकडे ओढते आणि चढावर चेन पडते. नवी चेन टाकून पाहिली, हँडलचे छर्रे बदलले, काही फरक नाही. पाच दिवसांवर पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरीचा लाकडी बैल मागं बांधून अख्ख्या गावातून मिरवायचा शब्द देऊन बसलो. मधात एक दिवस तापानं पडलो, तो दिवस गेलाच. काय चुकलं तेवढं सांगा.

चिमटेबहाद्दर
पाइप कोणता? चाकं कोणती? पुढचं चाक धरणारा चिमटा घरचा की जुन्या सायकलचा? चेन आत पडते की बाहेर? फोटो टाका.

लांबनळी
फोटो चढत नाही, नेट रडतं इथं. चाकं साधीच. चिमटा भंगारातला.

पुणेरी घंटा
फ्रेमला क्रोमोली म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनम स्टील वापरा, ४१३०. रेनॉल्ड्सनं टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं, १९३५ मध्ये ५३१ नावाची नळी आणली. तेव्हापासून चांगल्या फ्रेमचा मार्ग ठरलेला आहे. वेल्डिंगऐवजी लग, म्हणजे नळ्या ज्यात बसतात ती टोपणं, घालून पितळी जोड द्या. भंगारातून सायकल होत नसते.

लांबनळी
दादा, मी दारव्हा तालुक्यात राहतो. इथं ५३१ म्हटलं तर लोक सातबाऱ्याचा गट नंबर समजतील. सायकल झालेली आहे, ओढते कायले ते सांगा.

गावठी कोन
साधीच चाकं म्हणजे काय बे? काळ्या सायकलीची २८ × १½ वेगळी, तिची रिम ६३५ मिमी. आता दुकानदार ७०० सी ला पण २८ च म्हणतात, ती ६२२. पुढं एक अन् मागं दुसरं टाकलं नाही ना?

लांबनळी
दोन्ही काळ्या सायकलीचीच आहेत. टायर सारखे.

चिमटेबहाद्दर
मग दोन गोष्टी कर, दहा मिनिटांचं काम आहे. मागचं चाक काढून उलटं बसव, फ्रीव्हील, म्हणजे मागची दातेरी चकती, डावीकडे येऊ दे, फक्त पाहण्यापुरतं. आधी रिम ज्या नळीला जवळ होती, आता दुसऱ्या नळीला जवळ आली तर चाक आऊट आहे, तारा ओढून भागेल. त्याच नळीला जवळ राहिली तर फ्रेम वाकडी.
दुसरं, सुतळी घे. मागच्या चाकाचा आस बसतो त्या डाव्या खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताण. सीटच्या नळीपासून सुतळीचं अंतर दोन्हीकडे मोज. सारखं यायला पाहिजे.
आणि पाइप सांग. दुसऱ्यांदा विचारतोय.

रूळवाला
दारव्हा म्हटलं की शकुंतला रेल्वे आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रूळ. आम्ही लहानपणी खिडकीतून हात काढून बोरं तोडायचो. आता काय अवस्था आहे स्टेशनची?

पुणेरी घंटा
सुतळीनं मिलिमीटर मोजणार? फ्रेम नेहमी जिगमध्ये, म्हणजे नळ्या सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यात, बनवायची असते.

चिमटेबहाद्दर
ताणलेली सुतळी वाकडी होत नाही, घंटासाहेब. जिग वाकतं.

लांबनळी
चाक उलटं केलं. रिम आधीही डाव्या नळीला जवळ, आताही डावीलाच. सुतळी डावीकडून ३१ मिमी, उजवीकडून २४. चेन आत पडते, आज नीट पाहिलं. पाइप घरचाच, बोअरचं काम झाल्यावर उरलेला पाऊण इंची, बी क्लास. इन्व्हर्टर मशीननं वेल्डिंग केलं, बारा नंबरच्या रॉडनं. स्टेशनचं मला माहीत नाही काका, तिकडं जाणं होत नाही.

गावठी कोन
म्हणजे जीआय, जस्त चढवलेला पाइप!! भाऊ, तो ताप कशाचा होता मग? वेल्डिंग केल्यावर रात्री थंडी वाजून आला अन् दुसऱ्या दिवशी उतरला?

लांबनळी
हो. पावसात भिजलो होतो म्हणून असंल. कामाच्या आधी गूळ खाल्ला होता.

गावठी कोन
पावसाचा नाही, जस्ताचा ताप. जीआयवरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरते. गूळ-दुधानं काही होत नाही, मी पण आधी तेच करत होतो. जोडाजवळचं जस्त आधी ग्राइंडरनं उडवायचं, मास्क लावून, अन् वेल्डिंग मोकळ्यात, वाऱ्याकडं पाठ न करता, वारा बाजूनं घेऊन.

हिशेबी
बी क्लासच्या पाऊण इंची पाइपची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर, मीटरला दीड किलोपेक्षा जास्त वजन. चढावर चेन पडण्याआधी तुम्हीच पडाल :) एवढ्या पैशात जुनी मोपेड आली असती.

लांबनळी
मोपेड मी बनवली म्हणून पोरीला सांगता येत नाही ना.

चिमटेबहाद्दर
आता नीट ऐक. फरक ७, म्हणजे सीटपाशी मधोमधपासून साडेतीन मिमी. मागं खाचेपाशी त्याहून जास्त. मागचा त्रिकोण डावीकडे गेला आहे. म्हणून सायकल ओढते आणि फ्रीव्हील डावीकडे सरकल्यामुळे चेन आत पडते. दुखणं एकच. डाव्या बाजूचे वेल्डिंगचे सगळे टाके आधी पूर्ण केले होते ना?

लांबनळी
हो. फ्रेम ओट्यावर आडवी टाकली, वरची बाजू सगळी करून घेतली, मग पलटवली. पलटवायला दोन माणसं लागतात, सारखं कुणाला बोलावणार.

चिमटेबहाद्दर
तेच. टाका थंड होताना आकसतो आणि आपल्याकडे ओढतो. आधी सगळीकडे चार-चार ठिकाणी नुसता टिपका, मग एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, असं करायचं असतं.

पुणेरी घंटा
आता शिकंज्यात धरून लांब बांबूनं वाकवा. स्टील थंडच वाकतं.

गावठी कोन
बी क्लासचा पाइप बांबूनं? बांबू तुटंल, नाही तर ताजा टाका तडकंल. त्यापेक्षा उलट चाल करजा. पेडलच्या कपाजवळ मागच्या नळीच्या जोडावर उजवीकडून एक बारीक टाका दे अन् पूर्ण थंड होऊ दे. तोच ओढून आणतो. सुतळी बांधून पाहा, कमी पडलं तर अजून एक. एकदम लांबलचक ओढू नको. पेडलचे कप, छर्रे, ग्रीस आधी काढून घेजा.

चिमटेबहाद्दर
याला माझंही मत. दोन्ही खाचा समोरासमोर राहिल्या का ते शेवटी पाहून घे.

रूळवाला
काका नाही, मी छत्तीस वर्षांचा आहे.

लांबनळी
माफ करा. दिवसा व्होल्टेज पडतं, मशीन धरत नाही. रात्री करतो.

लांबनळी
झालं. पहिल्या टाक्यानं २९ अन् २६ आलं. दुसऱ्यानं २७ अन् २८, तिथंच थांबलो. दोन दिवस शेताच्या चढावर चालवली, चेन एकदाही पडली नाही. मास्क लावला होता, ताप नाही. हात सोडून पाहायचं राहिलं, पोरगी बैल घेऊन मागं बसलेली होती अन् उतरायला तयार नाही.

नवखा पायडल
छान धागा. मलाही सायकल बनवायची आहे. पाइप कोणता वापरला?