रुंद मिक्सरमध्ये लिपिड नॅनोकण मोठे होतात, पण प्रतिमानात तो फरक दिसत नाही

प्रश्न
नमस्कार. इथेनॉलमध्ये विरघळवलेली लिपिडे आणि पीएच 4 च्या बफरमधील आरएनए हे प्रवाह 1:3 या प्रमाणात सूक्ष्मवाहिनीत एकत्र आणून आम्ही नॅनोकण तयार करतो. त्यांचा व्यास 80 नॅनोमीटरच्या आसपास असतो. मात्र तेच प्रमाण ठेवून रुंद मिक्सर वापरला, की कण मोठे आणि असमान होतात. केंद्रकनिर्मिती (नव्या कणांचा जन्म), वाढ आणि कणांचे एकत्रीकरण धरून मी पॉप्युलेशन बॅलन्स समीकरण, म्हणजे कोणत्या आकाराचे किती कण आहेत ते काळानुसार सांगणारे प्रतिमान, सोडवले, तर दोन्ही मिक्सरांसाठी एकच उत्तर येते. कोणते पद सुटले असावे?

उत्तर 1
पद सुटलेले नसून गृहीतक चुकले असावे. दोन्ही द्रव क्षणात एकजीव होतात असे आपण धरले असेल, तर वाहिनीची रुंदी समीकरणात येतच नाही. इथेनॉलचा पाण्यातील विसरण गुणांक (ते पाण्यात आपोआप किती वेगाने पसरते याचे माप) साधारण 10⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद आहे आणि विसरणाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून 1 मायक्रोमीटर जाडीच्या थराला मिलिसेकंदभर पुरतो, तर 100 मायक्रोमीटरला 10 सेकंदांच्या घरात वेळ लागतो. वाहिनीच्या तळाशी तिरक्या खाचा कोरतात त्या प्रवाहाच्या घड्या घालून हे थर पातळ करण्यासाठीच. मिश्रणाचा काळ आणि कण जुळण्याचा काळ यांचे गुणोत्तर, म्हणजे डामकोलर संख्या, 1 पेक्षा बरीच कमी असेल तरच आपले गृहीतक टिकते. प्रमाण तेच ठेवून एकूण प्रवाहदर वाढवत न्यावा: व्यास घटत जाऊन एका पातळीला स्थिरावला, तर त्याआधीचा सारा भाग मिश्रणाच्या मंदपणाचा आहे.

उत्तर 2
वरील मुद्दा मान्य आहे, पण तुलना नेमकी कशाशी करता हेही पाहावे. प्रतिमान कणांची संख्या मोजते, तर कणांचा आकार मोजणाऱ्या प्रकाश विकिरणाच्या उपकरणात लहान कणांनी विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते; दुप्पट व्यासाचा एक कण सुमारे 64 कणांइतका उजळ दिसतो. हे रूपांतर न करता घातलेला मेळ मला विश्वासार्ह वाटत नाही. शिवाय 1:3 प्रमाणात मिश्रणानंतर सुमारे 25 टक्के इथेनॉल उरते आणि ते विरळ होईपर्यंत कण एकमेकांत विलीन होत राहतात. मोठ्या खेपेत द्रव टाकीत जास्त वेळ थांबत असेल, तर तो काळही प्रतिमानात हवा.

प्रश्नकर्ता
तात्काळ मिश्रण मी धरलेच होते, आणि टाकीतील वेळ कुठेच नोंदवलेला नाही. आधी प्रवाहदराची मालिका घेतो. विरळीकरण मात्र प्रत्येक वेळी ठरावीक सेकंदांनीच करीन, म्हणजे दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळणार नाहीत.