अनुभव धागा : रात्री तीनची जाग

निशिगंध
दसऱ्याची साफसफाई चालू आहे. काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. लेकीच्या शाळेच्या गठ्ठ्यात एक शंभर पानी वही माझी निघाली. उघडली आणि स्टुलावर तशीच बसून राहिले. पहिलं पान असं :

"१४ जानेवारी २०१४. बाबांचं बिल, दादाकडे किती मागायचे? – रविवारी फोन. ऑडिटचे कागद अपुरे – उद्या १० वाजता साहेबांना स्पष्ट सांगणे. गॅस बंद केला का? – केलाय, बघून आले."

डावीकडे काळजी, उजवीकडे उद्या तिचं काय करता येईल ते. सत्तरेक पानं भरलीत.

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्या हिवाळ्यातली गोष्ट. रोज रात्री तीनला टक्क जाग. उशाशी घड्याळ, आणि "आत्ता लागली तरी अडीच तास मिळतील" हा हिशेब सुरू. दिवसा लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या, ऑफिसात कुणी साधं काही विचारलं तरी डोळे भरायचे. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं तपासलं, ठीक निघालं. मग म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ठाण्याच्या त्या दवाखान्याच्या जिन्यातून मी दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा नवरा बरोबर आला.

तिथल्या समुपदेशक ताईंनी आधी घड्याळ खोलीबाहेर काढायला लावलं. पंधरा-वीस मिनिटं झोप येत नाहीये असं वाटलं की उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात कंटाळवाणं काम करायचं, डोळे जड झाले की मगच अंथरुणात. झोप कितीही कमी झाली तरी सकाळी सहाला उठायचंच. दुपारची डुलकी बंद, चारनंतर चहा बंद. आणि संध्याकाळी सातला अर्धा तास ही वही. रात्री विचार आला की त्याला सांगायचं, उद्या सातला ये.

मी वाल सोलायला बसायचे. भिजवून मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक बोटात धरून दाबायचा, डाळिंबी पुढे सटकते, साल बोटात राहते. स्वयंपाकघरात फक्त देवाजवळचा छोटा दिवा. पहिले आठ-दहा दिवस हाल झाले, झोप होती त्याहून कमी झाली. तिसऱ्या आठवड्यात एकदा जाग आली तर बाहेर दूधवाला. मी रडले होते त्या दिवशी.

तुमच्याकडे काय काय झालंय, लिहा ना.

तिखटमीठ
वाल!! मी लसूण. वर्षभराचा लसूण सोलून झाला असेल माझा त्या काळात 🙂 कुकर लावलाय, सविस्तर नंतर लिहिते.

रातराणी_सिस्टर
आमची तर ड्युटीच रात्रीची. महिन्यातले दहा दिवस नाईट, वर्षं सतरा. सकाळी सुटल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या उन्हात उभं राहिलं की झोप उडते हे एका सीनियर सिस्टरने सांगितलं, तेव्हापासून परतताना काळा गॉगल. खिडकीला जाड काळा पडदा, बेलचा आवाज बंद, दारावर पाटी "नाईट ड्युटी आहे, २ नंतर या". पण खरं श्रेय सासूबाईंना. मी झोपले की त्या कुकर शेजारणीकडे नेऊन लावतात. कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःहून. माझ्या ज्या मैत्रिणींना घरून हे मिळत नाही त्यांचं वजन, बीपी, चिडचिड सगळं वाढलेलं मी डोळ्यांनी बघते.

तिखटमीठ
सिस्टर, सासूबाईंना नमस्कार सांगा माझा _/\_

भिंगरी
दुधात जायफळ घातलं तर झोप लागते म्हणतात. किती घालायचं? अख्खं?

आजोबा_६८
अहो अख्खं नको! चिमूटभर फक्त. जायफळ जास्त झालं तर छातीत धडधडतं, भ्रम होतो. बाळगुटीत वेढे मोजून का द्यायचे आपल्याकडे, ते याचसाठी.

शिवारातला
आमच्याकडं थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात गव्हाला पाणी द्यायला बारा वाजता निघायचं, बॅटरी, काठी, गमबूट. चार वाजता घरी येऊन पडलं तरी अंगातली थंडी जात नाही आणि पुढच्या आठवड्यात दिवसा लाईट आली तरी बारा वाजता डोळे उघडतात. दोन वर्षं पाऊस गेला, सोसायटीचं कर्ज थकलं, तवा तर झोपेचं नावच नव्हतं. बायकोशी बोलणं बंद, माणसांत जाणं बंद.
गावातल्या आशाताई कागद घेऊन घरोघर फिरत होत्या. मला विचारलं, "दादा, झोप लागते का?" एवढंच विचारलं. मला रडू फुटलं, चाळीस वर्षांचा माणूस ओट्यावर बसून रडला. त्यांनीच जिल्हा रुग्णालयात नेऊन दाखवलं. गोळ्या चालू झाल्या, डॉक्टर म्हणाले दोन-चार आठवडे लागतील फरक पडायला, मधी सोडू नका. नाही सोडल्या. कर्ज फिटलं नाही अजून, पण आता बँकेत जाऊन बोलतो तरी. आधी तिकडचा रस्ताच टाळायचो.

निशिगंध
शिवारातला दादा, तुमचं वाचून हातातलं काम थांबलं. वहिनींशी आता बोलणं आहे ना?

शिवारातला
आहे ताई. रात्रीच्या पाण्याला तीपण येते कधी कधी, थर्मासमधी चहा घेऊन.

मधलीआळी
माझं थोडं वेगळं. मी सहा वर्षं "टेन्शनमुळे झोप नीट होत नाही" धरून चाललो. ध्यान केलं, शवासन केलं, मोबाईल दूर ठेवला. रोज आठ तास झोपूनही सकाळी डोकं जड आणि गाडी चालवताना सिग्नलला पेंग. बायको म्हणायची, तुम्ही घोरता घोरता मधेच श्वास थांबवता. शेवटी स्लीप स्टडी केली. रात्रभर अंगाला वायरी. स्लीप ॲप्नियाच निघाला, तासाला तीस-पस्तीस वेळा श्वास अडकत होता. आता मास्कचं मशीन लावून झोपतो. आठवड्याभरात चिडचिड गेली, पोरं म्हणाली बाबा हसायला लागले. म्हणून कळकळीने सांगतो, घोरणं असेल, दिवसा पेंग असेल तर आधी तपासणी. मनाला उगाच दोष देऊ नका.

तिखटमीठ
कुकर झाला. तर मी. शेजारच्या काकूंच्या झोपेच्या गोळीतली अर्धी घेऊन सुरुवात केली, "अर्ध्याने काय होतंय" म्हणून. चार वर्षं चालली. मग एका लेखात वाचलं सवय लागते, घाबरले आणि एका रात्रीत बंद केली. ते तीन दिवस मी कुणावर येऊ देणार नाही. हात थरथरत होते, छाती फुटेल असं वाटत होतं. डॉक्टर अजिबात रागावल्या नाहीत, म्हणाल्या अशी एकदम सोडायची नसते. पाच महिने पाव पाव करत उतरवली. दुसऱ्याची गोळी घेऊ नका आणि मनाने बंदही करू नका गं बायांनो. लसूण त्या पाच महिन्यांतला.

कृष्णाकाठची
न्यू जर्सीतून. बाबा सांगलीला एकटे, आई गेल्यापासून. फोन उशीखाली, तो थरथरला की काळीज तोंडात. अनोळखी नंबर असेल तर हातच पुढे होत नसे. रात्रभर दर तासाला उठून बघायचे, मिस्डकॉल नाही ना.
इथल्या थेरपिस्टने विचारलं, तुला नेमकं काय कळलं की झोप येईल? मी म्हटलं, बाबा उठलेत एवढं. मग ठरवलं, बाबांनी सकाळी सातला हातात पेपर धरून फोटो पाठवायचा. तिकडे सकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेनऊ. फोटो आला की फोन हॉलमध्ये चार्जिंगला. खालच्या काकांकडे घरातल्या लँडलाईनचा नंबर आहे, अडलं तर ते त्यावर करतील. दोन वर्षं झाली. बाबा आता फोटोत मागे चहाचा कपही धरतात, कधी जास्वंद.

आजोबा_६८
सांगलीत कुठे? मी मूळचा विश्रामबागचा.

कृष्णाकाठची
अय्या! गावभागात घर आमचं. गणपती मंदिराच्या जवळच.

आजोबा_६८
वा! मग २०१९ चा पूर तुमच्या दारात. बाबांना म्हणावं एकदा भेटू, मी दिवाळीला तिकडे आहे. मलाही बोलायला माणूस हवंच असतं, ही गेल्यापासून रात्र फार लांब होते.

कृष्णाकाठची
काका, नक्की. तुम्हाला मेसेज करते.

पेठेतला_एक
सगळं वाचतोय. वेळ बघा, ३.१०. एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट. रूममेट झोपलाय. निकाल लागल्यापासून छाती धडधडते, घरी फोन केलेला नाही, बाबांनी जमीन गहाण ठेवलीय क्लाससाठी. कधी कधी वाटतं सगळं संपवून टाकावं. कुणाला सांगायचं कळत नव्हतं म्हणून इथे लिहिलं.

रातराणी_सिस्टर
दादा, मी जागी आहे, ड्युटीवर. लिहिलंस ते फार बरं केलंस. आत्ता १४४१६ ला फोन लाव. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून आहे. "संपवावंसं वाटतं" हे त्यांना असंच्या असं सांग, ते दचकणार नाहीत. आणि रूममेटला उठव. तो रागावणार नाही. एकटा बसू नकोस. फोन लागेपर्यंत श्वास नाकाने चार आकडे घे, सहा आकडे सोड. सोडताना जास्त वेळ. मी दर दहा मिनिटांनी इथे बघते.

निशिगंध
मीपण आहे रे बाळा. फोन लाव तिकडे, मग इथे एक अक्षर लिही, नुसतं "हो" लिही.

पेठेतला_एक
हो. लागला फोन. अर्धा तास बोललो. रूममेट उठलाय, मॅगी करतोय.

रातराणी_सिस्टर
शाब्बास. त्याच्याजवळच बस सकाळपर्यंत.

पेठेतला_एक
सकाळी ११. रूममेटबरोबर सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत बसलोय, केसपेपर काढला, नंबर २७ आहे. घरी आईला फोन केला. ती म्हणाली आधी जेव, जमिनीचं आम्ही बघू. बाबा काही बोलले नाहीत, पण आज रात्रीच्या एसटीने निघतायत.

शिवारातला
येऊ दे बाबाला. मी बाप आहे, सांगतो तुला, त्याला तू पाहिजे.

निशिगंध
तुझा नंबर लागला की लिही. डॉक्टरांना झोपेचंही सगळं सांग, किती वाजता जाग येते तेसुद्धा.

भिंगरी
मी आत्ताच सगळं वाचलं, डोळे भरून आले. पेठेतल्या दादा, काळजी घे रे. आजोबा, जायफळ किसायचं की उगाळायचं?

आजोबा_६८
उगाळून. सहाणेवर, दुधातच, दोन वेढे.