नागपुरातली ‘खोली’ आणि ऑर्केस्ट्राचे दिवस : तुमच्या आठवणी लिहा

धंतोलीकर

परवा लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात एका हौशी म्युझिक क्लबचा कार्यक्रम ऐकला. गाणारे वीसेक जण, वाजवणारा एकही नाही. सगळं ट्रॅकवर, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीवर. लोक जीव ओतून गात होते, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण दुसऱ्या अंतऱ्याआधी एका ताईंचा श्वास चुकला आणि ट्रॅक निघून गेला पुढे. खोलीतला आमचा कीबोर्डवाला असता तर त्याने तोच पीस, म्हणजे ओळींमधला वाद्यांचा तुकडा, आणखी एकदा फिरवला असता, ताईंकडे बघून मान हलवली असती आणि सभागृहात कोणाला पत्ताही लागला नसता.

तेव्हापासून खोली डोक्यात आहे. इथले बरेच जण तिथे येऊन गेलेत म्हणून हा धागा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात : धंतोलीतल्या एका जुन्या वाड्याची माडी. ऐंशीच्या सुमारास चार वाजवणाऱ्यांनी सिटिंगसाठी, म्हणजे सरावासाठी, भाड्याने घेतली. नाव कधी पडलंच नाही, सगळे ‘खोली’च म्हणायचे. गणपतीच्या आधी महिनाभर रोज, एरवी गुरुवारी. ऐकायला लोक जिन्यात बसू लागले आणि त्याचीच गुरुवारची मैफल झाली. तिकीट नव्हतं, दाराशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा असायचा.

गाणं बसवायचं म्हणजे कॅसेट मागे-पुढे, मागे-पुढे. टेप ओढत असली की गाणं पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी लागायचं. मग आधी गाण्याची पट्टी (कोणत्या सुराला सा धरायचा ते) ठरवा, मग सरगम वहीत उतरवा. व्हायोलिनचा पीस अकॉर्डियनवर, सितारीचा मेंडोलिनवर. जे हाताशी असेल त्यावर.

१९४८ पासून सिव्हिल लाइन्सला आकाशवाणी आहे, तिथले बी-ग्रेडचे (ही आकाशवाणीची कलाकारांची श्रेणी) तबलजी यायचे. दुर्गापूजेला वाजवणारे बंगाली बाबू, सदरची गिटारवाली पोरं, इंदोऱ्याची ढोलकी. शहरात हे सगळे आपापल्या मोहल्ल्यात वाजवत. एका सतरंजीवर फक्त खोलीत बसत. गायकांची नावं पत्रिकेवर छापली जायची, यांची नाही. म्हणूनच लिहा. यातले काही जण अजून आहेत, त्यांना वाचून दाखवता येईल.

सदरची_गिटार

बास गिटार मी वाजवायचो. आमच्या घरात गिटार आली चर्चमुळे आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्समुळे. माझे मामा तिथे नाताळात वाजवत. खोलीतल्या हार्मोनियमवाल्या काकांना कॉर्ड म्हणजे काय ते मी दाखवलं आणि त्यांनी मला यमन दाखवला. अशी देवाणघेवाण नंतर कुठे झाली नाही. काका म्हणायचे, ‘तू तीन सूर एकदम दाबतोस, मग रागाचा वादी, मुख्य सूर, कुठे बसणार?’ यावर रात्रभर वाद चालायचा, वाजवणं राहून जायचं.

महालचा_पोट्टा

काहून रडवून राहिले भाऊ सकाळी सकाळी. जिन्यात बसणारा मी. आत जागाच नसे. एक बाजू पूर्ण ऐकू यायची ती बासची, बाकी अंदाजाने 😄 उतरल्यावर कोपऱ्यावर तर्री पोहे, तो भाऊ अजून आहे का?

काळी_चार

तो पोहेवाला गेला हो, आता मुलगा बसतो. तर्री तशीच आहे.

मी गायचे तिथे. आमच्या घरून परवानगी एका अटीवर : बाबा सोबत येणार. बाबा दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. पुढे त्यांनाच इतकी गोडी लागली की मला ताप असला तरी ते एकटे गुरुवारी निघायचे.

आल्या आल्या पहिला प्रश्न, ‘ताई, पट्टी?’ रेकॉर्डच्या पट्टीत गाणारी तेव्हा भाव खाऊन जायची. माझा गळा तिथे चढायचा नाही. खोलीत कोणी त्यावरून बोललं नाही, सगळ्यांनी मुकाट्याने पीसेस दोन सूर खाली उतरवले. ट्रॅकवर आज बटण दाबलं की होतं. तेव्हा अकॉर्डियनवाल्या दादांना सगळी बोटं नव्याने बसवावी लागायची आणि ते माझ्यासारख्या नवख्या पोरीसाठी ती बसवायचे. मी आयुष्यभर गायले ते त्या एका संध्याकाळमुळे.

नाइटचे, म्हणजे एका कार्यक्रमाचे, पैसे मात्र बायकांना कमीच. हेही नोंदवा.

डग्गा

कूलर!!! कोणी कूलरबद्दल लिहिलंच नाही.

मे महिना, पंचेचाळीसचा पारा, तबल्याची पुडी (वरचं कातडं) तापून चढलेली. बाजूचे लाकडी गट्टे ठोकून सुरात आणला की मागून कोणीतरी कूलर लावणार. वाळ्याची ओली हवा थेट पुडीवर. एका ठुमरीत तबला अर्धा सूर खाली. मी म्हणायचो बंद करा, जिन्यातले ओरडायचे चालू करा. शेवटी कूलरचं तोंड श्रोत्यांकडे आणि तबला भिंतीच्या आड असा तह झाला. तबला ऐकून वाजवायचा, गाणारा दिसायचाच नाही.

इंदोरा

ढोलकी माझी. धागा उघडला आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

माझं खरं वाजवणं एप्रिलमधलं. तेरा तारखेची रात्र, बारा वाजले की बाबासाहेबांचा जयघोष आणि मग भीमगीतं, पहाटेपर्यंत. लोकशाहीर वामनदादा कर्डक आमच्या वस्तीत आले तेव्हा मी लहान होतो, ढोलकीच्या मागे दिसतही नव्हतो. कव्वालीचा सामना लागला की समोरचा काय टाकेल ते माहीत नसतं, ठेका हातात तयार पाहिजे. खोलीतल्या लोकांना ही तयारी आवडायची. ‘पीस विसरला तर इंदोऱ्याकडे बघा’ असं ठरलेलंच होतं.

एक सांगतो. ही माडी मिळायच्या आधी दोन घरमालकांनी आमची आडनावं विचारून नकार दिला होता. बाकीचे तिघं म्हणू शकले असते, तू नंतर ये. म्हणाले नाहीत. चौघांची नावं एका कागदावर लिहून घेतील तिथेच जागा घेऊ, असं म्हणाले. म्हणून ही माडी. हे मी आजवर घरीही नीट सांगितलं नव्हतं.

धंतोलीकर

@इंदोरा, दादा, मी इतकी वर्षं येत होतो, मला हे माहीत नव्हतं. लिहिलंत, फार बरं केलंत.

काळी_चार

दादा 🙏

साउंडवाला

मंडपातले कार्यक्रम का संपले ते मी सांगतो, साउंडची मशीन माझी होती. पूर्वी जेवणं आटोपून लोक यायचे, ऑर्केस्ट्रा दहाला सुरू व्हायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरची लाउडस्पीकरबंदी पक्की केली. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. म्हणजे जी वेळ सुरुवातीची होती ती शेवटाची झाली. नियम योग्यच आहे, माझी आई आजारी असताना मलाही भोंगा नको वाटायचा. पण सात ते दहामध्ये भाषणं, सत्कार, बक्षिसं. उरलेल्या तासाभरासाठी बारा वाजवणारे कोण बोलावणार? मंडळांनी दोन गायक आणि पेन ड्राइव्ह घेतला.

रेशीमबाग_वहिनी

विषय निघालाच आहे म्हणून विचारते, सुरेश भट सभागृहात रविवारी गाडी लावायला जागा मिळते का? सासूबाईंना चालवत नाही.

महालचा_पोट्टा

मिळते वहिनी, लवकर जा. बाकी तो हॉल म्हणजे दोन हजारांच्या जवळपास खुर्च्या. भटसाहेबांची गझल अशा ठिकाणी नाही ऐकाविशी वाटत बाप्पा, ती मांडीला मांडी लावून.

कोंगोवाल्याची_मुलगी

बाबा कोंगो वाजवायचे. रिदमला तेव्हा तिघं लागत : तबला-ढोलक एक, कोंगो-बोंगो एक, साइड रिदम एक. मग ऑक्टोपॅड, हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, आलं. आठ पॅड, एक माणूस. बाबांनी ओळखलं की शिकलो नाही तर घरी बसू. पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलं आणि शिकले. बाकी दोघांना काम उरलं नाही, ते बाबांना फार लागलं. पहिल्या गणपतीची निम्मी नाइट ते त्या दोघांच्या घरी देऊन आले, आई सांगते.

पुढे ऑक्टोपॅडही नको झालं. मार्च २०२० नंतर तर लग्नं, मंडप, सगळंच बंद. बाबांनी पॅड विकलं. स्टँड ठेवला, त्यावर आता आई कपडे वाळत घालते. हात अजून चालतात त्यांचे, जेवणाच्या ताटावर.

डग्गा

पोरी, तुझ्या बाबांना मी ओळखतो. जेवणाच्या ताटावर काय? माझ्याकडे कोंगोची जोडी पडून आहे. पत्ता व्यक्तिगत संदेशात टाक, रविवारी घेऊन येतो.

सप्रे_घराण्याचा_चाहता

थोडं विषयांतर. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले हे सगळे सांगतात. पण अशा गुरुजींच्या विद्यालयांमधून गायक दोन-चार निघाले आणि पेटी-तबल्याची साथ करणारे शेकडो. सिव्हिल लाइन्सचं सभागृह वसंतरावांच्या नावाचं आहे, छान आहे. एखादी छोटी खोली साथीदारांच्याही नावाची असावी.

काळी_चार

अगदी.

बरं, अकॉर्डियनवाल्या दादांची अकॉर्डियनची पेटी त्यांच्या सुनेने मला दिली आहे. उघडली तर आतून काहीतरी खडखडतं आणि मधले तीन सूर मुके. नागपुरात कोणी दुरुस्त करतं का?

सदरची_गिटार

ताई, माळ्यावर ठेवली होती का पत्र्याखाली? रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या) मेणाने बसवलेल्या असतात. आपल्या उन्हाळ्यात मेण मऊ होतं आणि रीड निखळते, तीच आत खडखडते आहे. भाता ओढू नका, तशीच ठेवा. मी मेण आणि राळ घेऊन येतो, घरी कधी असता?

काळी_चार

चारनंतर कधीही. येताना कोपऱ्यावरून पोहे आणा, तर्री जास्त.